पश्चिमेला गेलेलं गलबत

"नवरा मेला असता तर रडून मोकळी झाले असते, एग्या," एफुआ म्हणाली. "पण हा जिवंत आहे म्हणतात. सुखात आहे म्हणतात. आणि मला सोडतोय म्हणतात. आता मी नेमकं कशासाठी रडू, तेवढं सांगा."

कोबिना एस्सिल्फीनं तोंडातलं दातण काढून बाजूला ठेवलं. गावातली धाकटी माणसं त्याला एग्या, म्हणजे बाबा, म्हणत. सव्वीस वर्षं त्यानं केप कोस्टच्या कोर्टात दुभाष्याचं काम केलं होतं. साहेबाचं इंग्रजी इथल्या फान्टी बोलीत आणि लोकांचं खोटं इंग्रजीत करता करता त्याला एक सवय जडली होती. माणूस जे जोर लावून सांगतो ते सोडून द्यायचं आणि जे सहज बोलून जातो ते धरून ठेवायचं. पेन्शन घेऊन त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून हरवलेली माणसं, हरवलेल्या वस्तू आणि हरवलेली अब्रू शोधायला लोक त्याच्या ओसरीवर येत.

शेजारी क्वामेना बॉचवे बसला होता. तो चॅपलचा उपदेशक. शरीर ताडमाड, आवाज त्याहून मोठा, आणि डोळे लगेच भरून येणारे. रविवारी त्याचं निरूपण चालू असताना एखादी म्हातारी मधेच उठून गाणं उचलायची, सगळं चॅपल तिच्यामागे वाहत जायचं, आणि बॉचवे पुस्तक मिटून स्वतःच टाळ्या वाजवत उभा राहायचा. ज्याचा सूर खरा त्याचं मन खरं, असा त्याचा सिद्धांत होता. एस्सिल्फी त्यावर नुसता खोकत असे.

मंगळवारची सकाळ होती. खाली किनाऱ्यावर होड्या वाळूत ओढून ठेवल्या होत्या आणि पुरुष माडांच्या सावलीत जाळी शिवत गप्पा छाटत होते. एफुआच्या डोक्यावरची केंकीची, मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांची, पाटी अजून गरम होती. पाठीवर बांधलेली दहा महिन्यांची पोर पाटीच्या वासानं हात नाचवत होती.

"नवरा म्हणजे टोग्बा," एस्सिल्फी म्हणाला. "क्रू जातीचा. पश्चिमेकडच्या लायबेरियाचा. वल्हेकऱ्यांचा तांडेल."

"तोच. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या चटईखाली कापडाचा गठ्ठा सापडला. तीन महिने तुरुंग आणि मग हद्दपारी. तुम्हीच तर कोर्टात त्याला फान्टीत सांगितलंत, एग्या."

"मीच सांगितलं." एस्सिल्फीनं मान खाली घातली. "'तुला तुझ्या देशी पोहोचवतील', असं."

"पोहोचवलं. कारभाऱ्यांचं गलबत त्याला मॉनरोव्हियाला घेऊन गेलं. तिथून ही पत्रं आली." तिनं लुगड्याच्या गाठीतून तीन कागद काढले. "कारभारी स्वतः आणून देतात. स्वतः वाचून दाखवतात. मला कुठं वाचता येतं!"

कारभारी म्हणजे जोशाया क्वानसा. चॅपलचे कारभारी, बाजारातल्या मोठ्या दुकानाचे मालक. वसाहतीबाहेर काढलेल्या परदेशी गुन्हेगारांना समुद्रापार पोहोचवण्याचं सरकारी कंत्राटही त्यांच्याकडेच होतं.

"पाकिटं कुठं आहेत? तिकीट, शिक्का?" एस्सिल्फीनं विचारलं.

"पाकीट नसतंच. त्यांचं गलबत थेट आणतं ना. तुझा टपालखर्च वाचला, म्हणाले."

"देवमाणूस!" बॉचवे म्हणाला.

"वाच रे शेवटचं."

बॉचवेनं घसा साफ केला आणि उपदेशाच्या आवाजात वाचू लागला. "'एफुआ, मी सुखरूप आहे. इकडे उतरल्यापासून भावाच्या होडीवर आहे. समुद्र पोटाला देतो. दिवसभर पाण्यावर असलं की काही आठवत नाही. मंगळवारी होड्या वर ओढून सगळे जाळी शिवायला बसतो, तेव्हा तुझी आठवण येते. पण माणसानं आठवणीवर जगू नये. मी इथं दुसरी बायको केली आहे. तू मोकळी आहेस. मामांना सांग, तुला पांढरी माती लावावी. मला शोधत येऊ नकोस. टोग्बा. त्याची फुली.'"

बॉचवेनं डोळे पुसले. "वाईट आहे, पण सरळ मनानं लिहिलंय बघ. जाळी शिवताना आठवण येते! किती खरं वाटतं."

"हो," एस्सिल्फी म्हणाला. "तुला खरं वाटतं, हेच मोठं आहे." त्यानं कागद स्वतःकडे घेतला. "एफुआ, हे पत्र यायच्या आधी तू काही केलं होतंस?"

"मोठ्या बोटीच्या डेकवरून मॉनरोव्हियाला जायला काय पडतं, ते कारभाऱ्यांना विचारलं होतं. म्हटलं पोर तरी दाखवून यावी. पंधरा दिवसांनी हे आलं."

"आणि पांढरी माती?"

"शनिवारी. एबोमामा सगळ्या घराला बोलावतोय. माझ्या दंडाला माती लागली की मी त्याची कुणी नाही. मग तो परत आला तरी मला नवरा म्हणून दार उघडता येणार नाही." तिनं पाठीवरची पोर सावरली. "पत्र खरं असेल तर मीच दंड पुढे करीन. पण खोटं असेल आणि तो कुठं तरी माझी वाट बघत असेल, तर? शनिवारच्या आत एवढं शोधा. खरं, की खोटं."

*

एबोमामा सापडायला वेळ लागला नाही. तो कोळ्यांच्या पंचातला एक, खाली किनाऱ्यावरच बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून तो गाठी मारत होता.

"आलात? भाचीनं पाठवलं असेल." त्यानं वर पाहिलं नाही. "सांगून ठेवतो, त्या परक्याला मी कधीच जावई म्हटलं नाही."

"पत्र बघितलंत?"

"बघितलं म्हणजे, धरलं हातात. अक्षर म्हणजे मला खेकड्याची पावलं. कारभारी वाचतात, मी ऐकतो."

"दुसऱ्या कुणाकडून लिहवूनही घेता येतं, मामा," एस्सिल्फी गोड आवाजात म्हणाला.

म्हाताऱ्यानं जाळं खाली टाकलं. "मी? अरे, मला त्याला घालवायचा असता तर पत्र कशाला लिहिलं असतं? वल्ह्यानं घालवला असता! दोनदा पंचापुढे उभा केला त्याला. आपण समुद्राला विसावा देतो, त्या दिवशी हा सरळ होडी घालून मोकळा! दोनदा कोंबडा भरला, दोनदा दारूची बाटली भरली आणि तिसऱ्यांदा पुन्हा तेच. वर मलाच म्हणतो, 'मामा, माशांना वार कळतो का?'"

बॉचवे हसला आणि एबोमामानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खोकू लागला.

"पण चोर नव्हता हो तो," एबोमामा थोड्या वेळानं पुटपुटला. "तेवढं मी म्हणणार नाही. हट्टी होता. निर्लज्ज होता. चोर मला तरी वाटला नाही."

*

न्येमा हा दुसरा क्रू. टोग्बा गेल्यावर तांडेलपद त्याच्याकडे आलं होतं. बुधवारी दुपारी बोटीवरचा माल उतरवून तो वाळूत आडवा पडला होता. कपाळावरून नाकापर्यंत गोंदलेली निळी रेघ उतरलेली, त्यावर मिठाचे कण.

"लोक म्हणतात, गठ्ठा तूच ठेवलास," एस्सिल्फीनं आडपडदा न ठेवता विचारलं.

"लोकांना दुसरं काम नाही. त्याच्या जागेवर मी बसलो, हे खरं. कुणी तरी बसणारच होतं ना? सुकाणू रिकामं ठेवायचं का?"

"तो गेला तेव्हा तू होतास?"

"होतो तर! पहाट उलटून सूर्य नुकता वर आला होता. मी इथंच उभा होतो. टोग्बा गलबताच्या नाळेवर उभा राहून हात हलवत होता. शेवटपर्यंत बघत राहिलो. सूर्य त्याच्या डोक्यामागे, नुसती काळी बाहुली दिसत होती. डोळे इतके दिपले की पाणी आलं. ही माणसं म्हणाली, न्येमा रडतोय. मी कशाला रडू? माणूस घरी चालला होता. मी दहा वर्षांत घरी गेलो नाही."

"त्याची बातमी?"

"कोण आणणार? आमच्या दर्यावरचं कुणी इकडे आलंच नाही." त्यानं कपाळावरची रेघ बोटानं पुसल्यासारखी केली. "आजोबांच्या काळात गुलामांची जहाजं यायची. ही रेघ दिसली की ती पुढे जायची. रेघेचा अर्थ एवढाच, हा माणूस विकायचा नाही. टोग्बाला तिचा भारी अभिमान."

परतताना बॉचवे म्हणाला, "याच्यावर माझा संशय आहे, कोबिना. फार मोकळं बोलला."

"मोकळं बोलला म्हणूनच उपयोगी पडला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे उद्या कारभाऱ्यांकडे जेवायला जाऊ. तुझी ओळख आहे, बोलावणं काढ."

*

क्वानसांच्या घरी बोलावणं काढावं लागत नसे. दारात पाऊल ठेवलं की पान मांडलं जाई. जेवणाआधी त्यांनी प्रार्थनेचं गाणं म्हटलं. शेवटचा स्वर असा हळुवार खाली आणला की बॉचवेचे डोळे भरून आले. साठी उलटलेला माणूस, पांढरा सदरा, पांढरे केस आणि मधात बुडवल्यासारखा गळा.

तळलेला मासा आला. बॉचवेनं दोन तुकडे संपवले आणि तिसऱ्याला बोटं चाटली. "कारभारी, हे तेल कुठलं हो? ताडाचं नाही, खोबऱ्याचंही नाही."

"विलायती. लिव्हरपूलहून येतं."

कोपऱ्यात तेलाचे चार डबे होते. डब्यावर काळ्या जाळीचा पदर घेतलेली, हातात पंखा धरलेली गोरी बाई. एस्सिल्फी हात धुवायला उठला, तो त्या बाईकडे पाहतच परत आला.

"त्या पोरीचं फार वाईट वाटतं," क्वानसा म्हणाले. "मी स्वतः त्या फेरीला गेलो होतो. टोग्बाला मॉनरोव्हियाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं. धक्क्यावर त्याचा भाऊ आला होता. गळ्यात गळा घालून रडले."

"निघालात तसे थेट तिकडेच? वाटेत दुसरं कुठलं बंदर?"

"छे. किनारा सोडला की पश्चिमेला तोंड. टाकोराडी मागे टाकायची आणि जात राहायचं. मधे कुठं थांबलो तर ही माणसं उड्या टाकतील. गुन्हेगार ते."

"आजवर किती पोहोचवलेत?"

"एकेचाळीस. शनिवारी संध्याकाळी आणखी पाच निघतील. सकाळी एबोच्या घरचं तेवढं आटोपतो, पत्र मीच वाचावं असं त्यांचं म्हणणं."

"तो एकडोळ्या क्वाओ आहे ना," एस्सिल्फी सहज म्हणाला, "टोगोचा म्हातारा. सहा वेळा तुरुंगात गेला. हद्दपारीचा हुकूमही झालाय. तो अजून बाजारात कोंबड्या चोरतो. त्याला कसा नेला नाहीत?"

"त्याला समुद्र लागतो. वाटेत मेला तर माझ्या मानेला फास."

"बरोबर. म्हणजे नेता ते सगळे धडधाकट."

"देवाच्या दयेनं," क्वानसा म्हणाले आणि बॉचवेच्या पानात चौथा तुकडा घातला.

बाहेर पडल्यावर बॉचवे भारावून चालत होता. "पाहिलंस? कैद्यांचीसुद्धा किती काळजी!"

एस्सिल्फी कोपऱ्यावर थांबला. मग म्हणाला, "तू पोटभर खाल्लंस ना?"

"खाल्लं की."

"मला घास उतरला नाही. असो. उद्या मी सार्जंटला भेटतो. तू शनिवारी न्येमाला घेऊन एबोमामाच्या घरी ये."

"न्येमाला? मामा वल्हं घालील डोक्यात!"

"वल्ह्याचं मी बघतो. तू माणूस आण."

*

शनिवारी एबोमामाचं अंगण भरलं होतं. बायका एका बाजूला, पंच दुसऱ्या बाजूला. मधे स्टुलावर वाडग्यात कालवलेली पांढरी माती. एफुआ तिच्यासमोर उभी होती. पोर मावशीकडे दिली होती. तिनं एकदा एस्सिल्फीकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, थांब.

न्येमा दाराशी दिसताच एबोमामा ताडकन उठला. "हा इथं कशाला?"

"साक्षीला, मामा," एस्सिल्फी म्हणाला. "नवऱ्याकडचं कुणी नको का? त्याच्या जातीचा एवढा एकच माणूस गावात आहे. रीत ती रीत."

रीतीपुढे मामा खाली बसला.

क्वानसा उभे राहिले. गाण्यासारखंच त्यांचं वाचनही सुरेल. भावाची होडी आली, पोटाला देणारा समुद्र आला. "'मंगळवारी होड्या वर ओढून सगळे जाळी शिवायला बसतो, तेव्हा तुझी आठवण येते...'"

बायकांनी सुस्कारे टाकले. पंचांनी माना हलवल्या. बॉचवेनंही हलवली.

आणि दाराशी न्येमा खो खो हसला.

"हाकला त्याला!" कुणी तरी ओरडलं.

"नाही, नाही, माफ करा," न्येमा पोट धरून म्हणाला. "पण मंगळवारी? आमच्याकडे? अहो, मंगळवार पाळायचा म्हणजे काय हे मला इथं येऊन दंड भरल्यावर कळलं! आमच्या किनाऱ्यावर लाट बरी असेल त्या दिवशी होडी पाण्यात. मंगळवारी जाळी शिवणारा क्रू मी तरी अजून पाहिला नाही. त्यातून टोग्बा? तो तर मुद्दाम मंगळवारीच जायचा!"

 क्वानसांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"बसा, कारभारी," एस्सिल्फी म्हणाला. "आता मी वाचतो.

"हे वाक्य बॉचवेनं माझ्या ओसरीवर वाचलं तेव्हा त्याला रडू आलं. माझ्याही ते कानावरून गेलं असतं. आपण इथले. मंगळवारी समुद्राला हात लावायचा नाही, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. आपल्याला वाटतं, जगातल्या सगळ्या समुद्रांना मंगळवारी सुट्टी असते. म्हणजे हे पत्र ज्यानं रचलं, तो आपल्यातला. क्रू नव्हे. न्येमा त्यातून सुटला.

"मग राहिले दोघे. एबोमामाला ही सोयरीक मोडलेली हवी होती. पण टोग्बानं मंगळवारी होडी घातली म्हणून दोनदा दंड करणारे पंच हेच. टोग्बा मंगळवार पाळत नाही हे गावात सगळ्यांत पक्कं ठाऊक कुणाला, तर मामांना. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतीलही, पण त्यात हे वाक्य त्यांनी मेले तरी घातलं नसतं."

"मेलो तरी नाही!" एबोमामा म्हणाला.

"उरला तो असा माणूस, जो इथलाच आहे, पण कधी होडीत बसून मासे मारत नाही. कोळ्यांच्या पंचात कुणाला काय दंड झाला याची त्याला खबर नसते. तो दुकानात बसतो. आणि ज्याच्याकडून पत्रं येतात, बिनपाकिटाची, बिनतिकिटाची."

"कोबिना!" बॉचवे कळवळून म्हणाला.

"ऐक. न्येमानं गलबत जाताना पाहिलं. सूर्य उगवत होता आणि टोग्बाच्या डोक्यामागे होता. पाहणाऱ्याचे डोळे दिपले. बॉचवे, सकाळी आपल्या किनाऱ्यावर उभा राहून टाकोराडीकडे बघ, सूर्य तुझ्या पाठीला असतो. जाणाऱ्याच्या मागे सूर्य दिसला, म्हणजे गलबत उगवतीकडे गेलं. कारभारी म्हणतात, किनारा सोडला की पश्चिमेला तोंड. मग पूर्वेला काय होतं?"

क्वानसांनी नजर वाडग्यातल्या मातीकडे वळवली.

"पूर्वेला फर्नांडो पो बेट. स्पॅनिश लोकांचे कोकोचे मळे. तिथं मजूर टिकत नाहीत. तापानं मरतात, चाबकानं मरतात. धडधाकट माणसाला तिथं सोन्याचा भाव आहे. म्हातारा क्वाओ कुणी घेणार नाही, म्हणून त्याला समुद्र लागतो. परवा मासा ज्यात तळला, ते ऑलिव्हचं तेल. डब्यावर पंखेवाली स्पॅनिश बाई. इथून अक्र्यापर्यंत एकाही दुकानात तो डबा मी पाहिलेला नाही. ही कल्पना झाली. म्हणून काल मी सार्जंटला म्हटलं, पाच माणसं चढायच्या आत गलबताच्या तांडेलाची पेटी उघड."

सार्जंट कुंपणापाशी केव्हाचा उभा होता. त्यानं आत येऊन कागदांची चळत एस्सिल्फीच्या हाती दिली. "स्पॅनिश करार आहेत. प्रत्येकावर एक नाव आणि एक अंगठा. एकेचाळीस. तांडेल सगळं बोलला."

"तिसरं पत्र का लिहावं लागलं, तेही सांगतो," एस्सिल्फी म्हणाला. "या पोरीनं मॉनरोव्हियाला जायचं भाडं विचारलं. ती गेली असती तर तिथं टोग्बा नाही हे कळलं असतं. मोकळी केलेली बायको नवरा शोधत नाही. आणि गठ्ठा? दुकान कारभाऱ्यांचं, फिर्याद कारभाऱ्यांची, साक्ष कारभाऱ्यांच्या गड्याची. आधी माणूस बघायचा, दंड चाचपायचे, मग त्याच्या चटईखाली चोरी ठेवायची."

सगळ्यांच्या नजरा क्वानसांवर होत्या. ते उठले, सदरा नीट केला. आवाज तसाच मधाळ होता, आणि तेच बॉचवेला सहन होईना.

"ओरडण्यासारखं काय आहे? सरकारनं सांगितलं, ही माणसं वसाहतीबाहेर टाक. मी टाकली. बाहेर म्हणजे कुठं, ते एकदाही कुणी विचारलं नाही. पोचपावती मागितली, ती दिली. तुम्ही तरी विचारलंत? ही एक बाई सोडली तर एकेचाळीस माणसांची आठवण गावात कुणाला आली? घरचा केर उकिरड्यावर टाकल्यावर त्याचं पुढं काय होतं, हे बघायला कोण जातं? मी त्या केराचं काही तरी केलं. त्यातून चॅपलचं छप्पर झालं. रविवारी त्याच्याखाली बसून गाता ना?"

बॉचवे उठला. धडपडत कुंपणाबाहेर गेला आणि भिंतीला हात टेकून ओकला. पोटात काही नव्हतं. तरी त्या तेलाची चव पुन्हा पुन्हा घशाशी येत होती. सहा वर्षं तो या माणसाच्या सुरावर आपला सूर ठेवून गायला होता. देवाच्या दारात, देवाचं नाव घेऊन. त्याला त्या माणसापेक्षा स्वतःच्या कानांची किळस आली.

तो आत आला तेव्हा क्वानसांना नेलं होतं. एस्सिल्फी कागद एकेक करून पाहत होता. एक कागद त्यानं वर धरला.

"सव्वीस वर्षांत माझं एकच भाषांतर खोटं ठरलं, एफुआ. हे बघ, टोग्बाचा अंगठा. आता तो जिवंत आहे की नाही, हे मात्र हा कागद सांगत नाही."

एफुआनं वाडगा उचलला, कुंपणाशी गेली आणि माती बाहेर ओतून दिली. "एवढं पुरे," ती म्हणाली. "पत्र खोटं आहे ना? मग मी बायको आहे."

*

इकडच्या साहेबानं तिकडच्या साहेबाला लिहिलं, तिकडच्यानं त्याच्या वरच्याला. एकेचाळिसांपैकी तेवीस सापडले. उरलेल्यांची नावं बॉचवेनं चॅपलमध्ये एकेक करून वाचली आणि त्या दिवशी उपदेश केला नाही.

क्वानसांना सात वर्षांची शिक्षा झाली. बाजारात कुणी तरी म्हणालं, यालाच हद्दपार करा. पण तो कायदा परक्यांसाठी होता. हा इथलाच, शिक्षा भोगून इथंच परत येणार. गावानं त्याला ठेवून घ्यायचा.

पाच महिन्यांनी आगबोट लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहिली. फर्नांडो पोहून मॉनरोव्हियाला जाणारी. तिच्यावर टोग्बा होता. पण खोट्या गठ्ठ्यावरून झालेला हद्दपारीचा हुकूम अजून रद्द झाला नव्हता. हुकूम रद्द करणारा कागद राजधानीहून, अक्र्याहून, यायचा होता. तोवर टोग्बाला केप कोस्टच्या वाळूवर पाय ठेवता येत नव्हता.

"ज्यांनी विकला त्यांचा खोटा कागद पंधरा दिवसांत पोहोचत होता," एस्सिल्फी म्हणाला. "परत आणायचा कागदच नेमका पायी चालत येतो." तो किनाऱ्यावर थुंकला. बॉचवेनं त्याला असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

एफुआनं कुणाची वाट पाहिली नाही. एक बोचकं, एक हंडा, पाठीला पोर. एबोमामा तिचं बोचकं उचलून लाटांपर्यंत आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, तिसऱ्या वेळचा कोंबडा अजून भरलेला नाही."

बॉचवे होडीत तिच्यासोबत गेला. न्येमानं सुकाणू धरलं. लाटा फोडून होडी बोटीखाली पोहोचली, तेव्हा वरून एक अधिकारी ओरडला, "खाली कुणी उतरायचं नाही! हुकूम आहे!"

"उतरतंय कोण?" न्येमा खालून ओरडला. "आम्ही वर पाठवतोय!"

वरून दोरांना बांधलेली लाकडी खुर्ची खाली आली. एफुआ तिच्यात बसली, हंडा मांडीवर घेतला. खुर्ची हेलकावे खात वर जाऊ लागली. कठड्याशी एक माणूस उभा होता, हाडांवर कातडं ओढलेला, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. बॉचवेला तो ओळखू आला नाही.

एफुआला आला. अर्ध्यावर असतानाच ती ओरडली, "किती वाळलास रे मेल्या! हात सोड तो कठड्याचा आणि आधी ही पोर धर!"